बँटिंगसाहेबाचे पोट

पोट या एका अवयवावर मराठी भाषेने जेवढा संसार मांडला आहे, तेवढा हृदयावरही मांडलेला नाही. आपण पोटासाठी गाव सोडतो, पोटाला चिमटा घेतो, दुसऱ्याच्या पोटावर पाय देतो आणि मुलांचे अपराध पोटात घालतो. यातले बरेचसे प्रयोग रिकाम्या पोटाचे, नाहीतर ते भरण्याच्या विवंचनेचे आहेत. 'पोट सुटणे' हा त्यातल्या त्यात भरल्या घरचा प्रयोग. आणि तोही फारसा निंदेचा नव्हे. ढेरी शेटजींची, दोंद भटजींचे, आणि लंबोदर तर आपले आराध्य दैवत. ज्या मुलखाने पिढ्यान् पिढ्या दुष्काळ पाहिले, तिथे सुटलेले पोट म्हणजे घरातली कणगी भरलेली असल्याची खूण मानली गेली, यात नवल ते काय?

याचा अर्थ आपल्या पूर्वजांना स्थूलपणाचे दोष ठाऊक नव्हते असा मात्र नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांविषयी आहे. त्यांत अतिउंच आणि अतिठेंगणा यांच्या जोडीला अतिस्थूल आणि अतिकृश हेही आहेत. स्थूलपणाची जी कारणे तिथे दिली आहेत ती वाचून आजचा डॉक्टरही मान हलवील. जड, गोड व स्निग्ध पदार्थांचे अतिसेवन, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, निश्चिंतपणा आणि बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला पिंड. उपायही तसेच रोखठोक आहेत. जव, मूग, कुळीथ, ताक, मध घातलेले पाणी, जागरण, व्यायाम आणि चिंतन. स्थूल आणि कृश यांत कृश त्यातल्या त्यात बरा, असा कौलही ग्रंथकाराने देऊन टाकला आहे. परंतु हे ज्ञान वैद्यांचे होते. सामान्य माणूस स्वतःच उठून आपले पोट मोजतो, त्याचा हिशेब छापतो आणि जगाला वाटतो, ही गोष्ट व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. ती घडली लंडनमध्ये, आणि ती करणारा गृहस्थ प्रेतयात्रांची व्यवस्था पाहणारा होता.

विल्यम बँटिंग हे त्याचे नाव. जन्म 1796 सालचा. सेंट जेम्स स्ट्रीटवर त्याच्या घराण्याची पेढी होती, आणि राजघराण्यातील अंत्यविधींची सामग्री पुरविण्याचा मान तिच्याकडे होता. 1852 साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनची जी प्रचंड अंत्ययात्रा निघाली, तिच्या व्यवस्थेत बँटिंगच्या पेढीचा हात होता. मनुष्य सचोटीचा, नेमस्त, चारचौघांत मान असलेला. उंची 5 फूट 5 इंच. ऑगस्ट 1862 मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्याचे वजन होते 202 पौंड, म्हणजे सुमारे 92 किलो.

आजच्या हिशेबाने हे वजन काही अजब नव्हे. पण त्या वजनाने बँटिंगचे जे हाल केले होते ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहेत. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. गुडघ्यांना हिसका बसू नये म्हणून जिना उलटा, पाठमोरा, एकेक पायरी चाचपीत उतरावा लागे. गुडघ्यांवर पट्ट्या बांधाव्या लागत. बेंबीजवळ अंतर्गळ झाला होता, त्यासाठीही पट्टा होता. आणि या सर्वांहून त्याला अधिक झोंबे तो लोकांचा उपहास. सभेत, गाडीत, रस्त्यात कोणी ना कोणी शेरा मारीच. त्यामुळे चार माणसांत जाणेच त्याने टाळले. राजेरजवाड्यांच्या अखेरच्या प्रवासाची चोख व्यवस्था करणाऱ्या घरचा हा माणूस स्वतः मात्र घरातला जिना सरळ उतरू शकत नव्हता.

उपाय त्याने थोडे केले नव्हते. ऐन उमेदीत एका शल्यवैद्याने व्यायाम सांगितला, तेव्हा बँटिंग रोज पहाटे दोन-दोन तास जड होडी वल्हवू लागला. दंड भरले, अंगात जोर आला. पण भूकही अशी खवळली की वजन उतरण्याऐवजी चढले. अखेर सल्ला देणाऱ्यानेच तो व्यायाम सोडायला लावला! मग घोड्यावरची रपेट झाली, समुद्रस्नाने झाली, लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट येथली औषधी पाणी पिऊन झाली. तुर्की पद्धतीची बाष्पस्नाने वर्षभर घेतली, त्यांत उतरले जेमतेम सहा पौंड. नामांकित डॉक्टरांचे दरवाजे झिजवले. बहुतेकांचे म्हणणे एकच. वय झाले की माणूस सुटायचाच.

वाट सापडली ती कानामुळे. ऐकू कमी येऊ लागले म्हणून बँटिंग विल्यम हार्वे नावाच्या कर्णरोगतज्ज्ञाकडे गेला. या हार्वेने 1856 साली पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञाची मधुमेह व यकृत यांविषयीची व्याख्याने ऐकली होती. मधुमेह्याला साखर व पिष्ट वर्ज्य करून गुण येतो, तर मेदोरोग्याला का येऊ नये, असा विचार त्याच्या डोक्यात घोळत होता. त्याने बँटिंगचे कान तपासले, मग पोटाकडे पाहिले, आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे हे सहा जिन्नस बंद केले. बँटिंगचा आजवरचा आहार म्हणजे नेमके हेच जिन्नस. सकाळी दूध-साखरेचा भरपूर चहा आणि लोण्यात न्हालेला पाव, दुपारी मांसाबरोबर बिअर आणि पुन्हा पाव, रात्री फळांचा गोड पदार्थ किंवा दूधपाव.

नवा आहार असा ठरला. सकाळी चार-पाच औंस मांस किंवा मासे, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा आणि एक औंस कोरडा भाजका पाव. दुपारी पाच-सहा औंस मांस वा मासे, बटाटा सोडून कोणतीही भाजी. संध्याकाळी थोडी फळे व चहा. रात्री पुन्हा तीन-चार औंस मांस वा मासे. जोडीला दिवसभरात द्राक्षासवाचे काही पेले, आणि झोपताना वाटल्यास आणखी एक पेला, बिनसाखरेचा! आपल्याकडील पथ्य सांभाळणाऱ्या माणसाला हे पथ्य ऐकून चक्कर यावी. पण आकडे बोलके आहेत. 12 सप्टेंबर 1863 रोजी बँटिंगचे वजन 156 पौंडांवर आले होते. एका वर्षात 46 पौंड उतरले; कंबर सव्वाबारा इंचांनी आटली. आठवड्याला सरासरी एक पौंडही नाही, हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. बँटिंगने घाई केली नाही. तो वजन करीत गेला आणि तारीखवार लिहीत गेला. जिना तो सरळ उतरू लागला, बूट स्वतः बांधू लागला, कानही सुधारले.

मग त्याने जे केले, त्यामुळे तो इतिहासात राहिला. 1863 साली त्याने स्थूलपणाविषयी जनतेला उद्देशून एक लहानशी पुस्तिका स्वखर्चाने छापली आणि फुकट वाटली. दुसरी आवृत्तीही फुकटच गेली. मागणी आवरेना तेव्हा तिसरी विक्रीस काढून नफा धर्मादाय दिला. वैद्यक नियतकालिकांनी नाके मुरडली. प्रेतांच्या पेटीवाल्याने वैद्यकात तोंड घालू नये, असा एकूण सूर होता. लोकांनी मात्र त्याचे नाव क्रियापद करून टाकले. इंग्रजीत पथ्याने वजन उतरवणे म्हणजे 'बँट' करणे झाले. इंग्रजीतून तो शब्द पुढे मागे पडला. स्वीडिश भाषेत 'बांता' हे क्रियापद याच अर्थाने आजही रोजच्या बोलण्यात आहे.

येथवरची कथा तशी सुखान्त आहे. पण इतिहास वाचताना एकाच साली शेजारच्या गल्लीत काय चालले होते हेही पाहावे, अशी मास्तरकीची सवय आहे. 1862-63 या ज्या वर्षात बँटिंग निश्चयाने पाव दूर सारीत होता, त्याच वर्षात लँकेशायरमधील गिरणीकामगारांना पाव मिळत नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस येईना, गिरण्या बंद पडल्या, आणि माणसाला उपासमारीच्या आजारापासून वाचवण्यापुरते किमान अन्न किती व ते किती पैशांत बसेल, हे काढण्यासाठी सरकारने 1862 साली डॉ. एडवर्ड स्मिथला तिकडे धाडले. एकाच देशात एक माणूस कमी कसे व्हावे याचा हिशेब मांडीत होता आणि दुसरा, कितीवर जगता येईल याचा. तोच कापूस मुंबईहून जाऊ लागल्याने मुंबईत सोन्याचा पूर आला, शेअरचा जुगार माजला, आणि 1865 साली तो फुगाही फुटला.

पुढची तारीख अधिक जवळची आहे. बँटिंग मार्च 1878 मध्ये, एक्याऐंशी वर्षांचा होऊन, समाधानाने वारला. त्याच्या आयुष्याची ही अखेरची दोन वर्षे म्हणजे आपल्या दख्खनमधील 1876 ते 1878 च्या महादुष्काळाची वर्षे. 1877 च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर मीठमिरचीपुरता किरकोळ पैसा, एवढ्यावर आणून ठेवली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्याविरुद्ध काम सोडले आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. आता जरा बेरीज करून पाहा. बँटिंगच्या पथ्यातले नुसते मांस दिवसाला बारा ते पंधरा औंस भरते. सोळा औंसांचा एक पौंड. म्हणजे वजन उतरवू पाहणाऱ्या साहेबाच्या ताटातले मांस जवळजवळ तितके, जितके दिवसभर खडी फोडणाऱ्या आपल्या माणसाचे सगळे धान्य. बँटिंगचा यात काडीचा दोष नाही. पण पथ्य आणि उपासमार यांच्यामधले अंतर केवळ औंसांचे नसते. पथ्य माणूस स्वतः ठरवतो, उपासमार त्याच्यासाठी दुसरा कोणी ठरवतो.

आहाराची वाट बँटिंगने दाखवली. व्यायामाची वाट दुसऱ्याने रूढ केली. युजेन सँडो या जर्मन मल्लाने 1897 साली लंडनमध्ये शरीरसंवर्धनाची संस्था काढली, 1904-05 च्या सुमारास हिंदुस्थानचा दौरा केला, आणि आपल्या अंगावरच्या बिनबाह्यांच्या बनियनला कायमचे नाव देऊन गेला. सातारच्या मुलखातील औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सँडोची साधने व पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे त्याचा व्यायाम नेमाने केला. पुढे, 1908 च्या सुमारास, ते सूर्यनमस्काराकडे वळले ते अखेरपर्यंत. साधन नको, आखाडा नको, खर्च नको. एक सतरंजी टाकण्यापुरती जागा पुरे. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, आणि 1938 साली त्यांचे सूर्यनमस्कारावरचे पुस्तक खुद्द लंडनमध्ये निघाले. ज्या शहराने पोटावर उपाय म्हणून ताटातला पाव काढून टाकला होता, त्या शहराला औंधच्या राजाने सांगितले की पहाटे उठा आणि वाका.

दोघांत खरे कोण? आजचे शास्त्र दोघांनाही निम्मे निम्मे माप देते. वजन उतरवायचे तर मुख्य काम ताटातच व्हावे लागते. होडी वल्हवून भूक वाढवून घेतलेल्या बँटिंगचा अनुभव अपवाद नव्हता. पण उतरलेले वजन पुन्हा चढू न देणे, स्नायू टिकवणे आणि आतड्यांभोवती साचणारी चरबी कमी करणे, यांत व्यायामाचा वाटा मोठा आहे. पोटाचे नुसते स्नायू आवळल्याने पोटाचीच चरबी झडते, ही समजूत मात्र खोटी. चरबी साऱ्या अंगाच्या हिशेबातून खर्च होते.

या कथेचा शेवटचा अध्याय पुण्यात लिहिला गेला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. या मुलांचे जन्माच्या वेळचे वजन सरासरी 2.7 किलोच्या घरात, म्हणजे इंग्लंडमधील मुलांहून पाऊण किलोने कमी. पण कमी भरले ते स्नायू. चरबी त्या मानाने राखलेली. दिसायला रोड, आतून मेदयुक्त. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचेही उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे, निर्देशांक 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! म्हणूनच आपल्याकडे नुसत्या वजनकाट्यावर विसंबून चालत नाही. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे, असे येथील तज्ज्ञ सांगतात.

आईच्या पोटात असताना अन्न अपुरे पडले की शरीर काटकसर शिकते आणि पुढे भरल्या ताटासमोर ती काटकसर त्याला सोडता येत नाही, असा या अभ्यासामागचा एक तर्क आहे. तो खरा असेल, तर आजच्या शहरी मराठी माणसाच्या पुढे आलेल्या पोटात केवळ वडापाव आणि बसून केलेली नोकरी नाही. कित्येक पिढ्यांच्या अर्धपोटी आजी-पणज्याही आहेत. त्या पोटाला हसण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे. आणि ज्याचे पोट असेल त्याने बँटिंगसाहेबाची एक गोष्ट उचलावी. मांस आणि द्राक्षासव त्याचे त्याला लखलाभ असो; पण एक फीत घ्यावी, कंबर मोजावी, तारीख घालून वहीत लिहावी आणि घाई करू नये. ताटातली साखर आणि तळण कमी करून तिथे डाळ-उसळ व भाजी वाढवावी, आणि पहाटे सतरंजीपुरती जागा शोधावी. ती बहुतेक घरांत सापडते.