महाकाय कृष्णविवरे आणि चुंबकीय क्षेत्र : एका संकल्पनेचा इतिहास

कृष्णविवरांचा इतिहास लिहिताना आइन्स्टाइन, श्वार्झशिल्ड, चंद्रशेखर या क्रमाने गुरुत्वाकर्षणाचीच कथा सांगण्याचा प्रघात आहे. चुंबकीय क्षेत्राला त्यात तळटीपेपेक्षा अधिक जागा क्वचितच मिळते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही मांडणी अपुरी आहे.

१९१८ साली अमेरिकेतील लिक वेधशाळेचे हेबर कर्टिस यांनी एम ८७ या तेजोमेघाच्या केंद्रातून निघालेला एक सरळ किरण नोंदविला. (तेजोमेघ म्हणजे स्वतंत्र दीर्घिका काय, हाच तेव्हा वादाचा विषय होता.) ही नोंद सुमारे चार दशके स्पष्टीकरणाविना पडून राहिली. पुढे सोव्हिएत शास्त्रज्ञ श्क्लोव्हस्की यांनी सुचविले की, हा प्रकाश तप्त वायूचा नसून चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशवेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा असावा. तसे असेल तर तो ध्रुवित असावयास हवा. आणि १९५६ मध्ये वाल्टर बाडे यांनी तो तसा असल्याचे दाखविले. म्हणजे 'ब्लॅक होल' हा शब्द रूढ होण्यापूर्वीच त्याच्या चुंबकीय क्षेत्राची खूण हाती आली होती!

१९६९ मध्ये लिंडन-बेल यांनी दीर्घिकांच्या केंद्रस्थानी महाकाय कृष्णविवरे असावीत असे प्रतिपादिले. त्याच वर्षी पेनरोझ यांनी फिरत्या कृष्णविवरातून ऊर्जा काढता येते असे मांडले. मात्र त्यासाठी फुटणाऱ्या कणाच्या तुकड्यांचा सापेक्ष वेग प्रकाशवेगाच्या निम्म्याहून अधिक असावा लागतो, आणि निसर्गात ही अट पुरी होणे दुरापास्त. १९७७ मध्ये ब्लँडफर्ड व झ्नायेक यांनी वेगळा मार्ग दाखविला : कृष्णविवराच्या परिवलनाने पिळल्या जाणाऱ्या चुंबकीय बलरेषाच ऊर्जा बाहेर वाहून नेतात. १९८५ मध्ये संजय वाघ, संजीव धुरंधर व नरेश दधीच यांनी विद्युतचुंबकीय क्षेत्र विचारात घेतल्यास पेनरोझ प्रक्रियेवरील वेगाची अट उरत नाही, हे सिद्ध केले. दधीच व धुरंधर पुढे पुण्याच्या 'आयुका'त कार्यरत झाले. मराठी विज्ञानलेखनात या निबंधाचा उल्लेख अधिक व्हावयास हवा होता.

प्रत्यक्ष प्रमाण २०२१ मध्ये आले. इव्हेंट होरायझन दुर्बिणीने २०१७ साली घेतलेल्या वेधांतील ध्रुवणावरून एम ८७ च्या कृष्णविवरालगतचे क्षेत्र १ ते ३० गाउस ठरले. पृथ्वीचे क्षेत्र सुमारे अर्धा गाउस असते हे ध्यानी घेता हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु आत कोसळणाऱ्या विरळ वायूला काही अंशी थोपवून धरण्यास तो पुरेसा आहे. २०२४ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवतीही तशीच सर्पिल रचना आढळली. तेथे मात्र एम ८७ सारखा झोत स्पष्टपणे दिसलेला नाही. क्षेत्र सारखे असूनही झोत का दिसू नये, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.