बोरघाटातील मुकादम आणि मुंबईतील दलाल

कर्जत तालुक्यातील पळसदरीपासून खोपोलीच्या वरच्या डोंगरांतून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाटाचा लोहमार्ग अभियांत्रिकीचा पराक्रम म्हणून सांगितला जातो, आणि १:३७ चा चढ व पंचवीस बोगदे पाहता ते वावगेही नाही. परंतु मधल्या माणसाने केलेल्या लबाडीला त्याचा मालक कितपत जबाबदार, हा आज शेअर दलालांच्या संदर्भात विचारला जाणारा प्रश्नही याच घाटात, मजुरीच्या रूपाने, फार आधी उभा राहिला होता, याकडे सहसा लक्ष जात नाही.

पळसदरी ते खोपोली ही शाखा १८५६ मध्ये आणि खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला असला, तरी मधला घाट उतारूंना व मालाला रस्त्यानेच ओलांडावा लागे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने घाटाच्या कामाचा मक्ता विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराला दिला, त्याने कामाचे तुकडे करून ते पोटकंत्राटदारांकडे सोपवले आणि पोटकंत्राटदारांनी मुकादमांकरवी, म्हणजे टोळी जमवून तिची मजुरी वाटणाऱ्या मध्यस्थांकरवी, हजारो मजूर लावले. लंडनमधील भागधारकाला सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती, मजुराला मात्र मुकादमाच्या शब्दापलीकडे हमी नव्हती. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा उसळला, सरकारी चौकशी झाली आणि त्याच वर्षी फेव्हिएलने मक्ता सोडला. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच काळात मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने मक्ता स्वतःकडे घेऊन अनुभवी अभियंत्यांच्या देखरेखीखाली काम तडीस नेले. दंग्यानंतर आलेल्या १८६० च्या नवव्या कायद्याने रेल्वे व सार्वजनिक बांधकामांवरील मजुरीचे तंटे तातडीने निकालात काढण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला. मात्र ज्याची मजुरी बुडाली त्याच मजुराला करार मोडून काम सोडल्यास शिक्षा करण्याची तरतूदही त्यात होती, हा त्या काळच्या न्यायबुद्धीचा नमुनाच म्हणावा लागेल.

२१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला, तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस आटला होता आणि मुंबईच्या कापसाला न भूतो असा भाव आला होता. दख्खनचा माल आता आगगाडीने थेट बंदराकडे उतरू लागला आणि त्यातून आलेला पैसा मुंबईत नव्या कंपन्यांच्या शेअरांत शिरला. बॅकबेची खाडी बुजवून जमीन काढणाऱ्या कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. दलालांची संख्याही वाढली. त्यांच्यावर ना संघटनेचे नियम होते, ना परवान्याची अट. त्यांच्यातील सर्वांत प्रभावी असलेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बेने, १८६३ च्या कायद्याने शेअरांवर कर्ज देण्याची मुभा मिळताच, अपुऱ्या तारणावर मोठ्या रकमा दिल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि मुदतीचे सौदे, म्हणजे ठरलेल्या तारखेला पुरे करायचे खरेदी-विक्रीचे करार, १ जुलै रोजी पुरे करण्याची वेळ आली तेव्हा व्यापारी एकामागून एक दिवाळखोर ठरले. बँक बुडाल्यावर नेमलेल्या जॅक्सन आयोगासमोर जे आले त्यात सेक्रेटरीच्या हाती सोपवलेले अधिकार आणि संचालकांची ढिलाई यांचाच पाढा होता.

१८६५ च्याच मुंबईच्या तिसऱ्या कायद्याने पैजेच्या स्वरूपाच्या सौद्यांवरील दलाली न्यायालयातून वसूल करण्याचा मार्ग बंद केला. दलालाची मिळकत रोखली की सट्टा आटोक्यात येईल असा हिशेब त्यामागे असावा, परंतु ग्राहकाच्या नुकसानीला दलाल जबाबदार राहील, असे या कायद्याने म्हटले नाही. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ने, आजच्या मुंबई शेअर बाजाराच्या पूर्वरूपाने, प्रथम जपले तेही दलालांचेच हित.

देखरेखीचे कर्तव्य कायद्याच्या भाषेत यायला शतक उलटावे लागले. १९९२ मध्ये सेबीला, म्हणजे रोखे बाजाराच्या नियामकाला, वैधानिक अधिकार मिळून दलाल व उपदलालांची नोंदणी सक्तीची झाली, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ‘अधिकृत व्यक्ती’ हा नवा वर्ग निर्माण करताना त्या व्यक्तीच्या प्रत्येक कृतीला व चुकीला दलाल संस्था जबाबदार राहील, संस्थेने तिच्या कार्यालयाची वेळोवेळी तपासणी करावी आणि त्या व्यक्तीने ग्राहकाचे पैसे वा रोखे स्वतःच्या नावावर घेऊ नयेत, असे ठरले. पुढे उपदलाल हा वर्गच ३१ मार्च २०१९ पासून बंद झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंगवर सेबीने कारवाई केली, ती मात्र देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनेच ग्राहकांचे रोखे गहाण टाकल्यामुळे. १ सप्टेंबर २०२० पासून तारण ठेवलेला शेअर ग्राहकाच्याच डीमॅट खात्यात राहतो आणि तारणाला ग्राहकाने ओटीपी देऊन संमती द्यावी लागते.

तालुक्याच्या गावी नामांकित संस्थेच्या पाटीखाली बसलेली अधिकृत व्यक्ती दरमहा ठरावीक परताव्याचे आश्वासन देऊन स्वतःच्या खात्यात पैसे घेते, तेव्हा हे नियम अपुरे पडतात, कारण हमी परताव्याच्या अशा योजना बाजाराच्या तक्रार निवारण यंत्रणेच्या आणि गुंतवणूकदार संरक्षण निधीच्या कक्षेबाहेर असल्याचे शेअर बाजार वारंवार जाहीर करतात. मग संस्थेची जबाबदारी पाटीपाशी संपते की पाटीखालच्या माणसाच्या खिशापर्यंत पोचते, हा वाद पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत आणि १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखालील विशेष न्यायालयात जातो.