घाटांतली सायकल

मुंबई-आग्रा रस्ता शहापूर मागें टाकून थळघाटाला भिडतो. मुरबाडाहून निघालेला रस्ता माळशेजाला. सायकल घेणारा आधीं रंग पाहतो, मग उचलून वजन पाहतो. घाट मात्र उतारावर ब्रेक पाहतो.

१८८८ सालीं डनलॉपनें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें आणि स्वाराच्या हाडांना सुख लाभलें. १९०२ पासून स्टर्मे-आर्चरच्या तीन गियरांनीं चढही हलका केला. पण सोनेरी रेघांची ती देखणी विलायती रॅले! तिच्या पोलादी रिमा भिजल्या, कीं ब्रेकचें रबर नुसतें घसरे; आणि माळशेजाचा पाऊस तर प्रसिद्धच.

पुढें कार्बनच्या रिमा आल्या. वजनाला फुलासारख्या, दिसायला झोंकदार. सायकलीची किंमत मात्र मोटारसायकलीला गांठणारी. त्यांतील तंतू राळेनें बांधलेले असतात. लांब उतारावर रिमेवर ब्रेक दाबून धरला, तर ती राळ तापून मऊ पडूं शकते. चक्रमध्याजवळील चकतीवर ब्रेक लावणें हा त्यावरचा उतारा. रस्त्यावरील शर्यतींत त्याला आंतरराष्ट्रीय संघटनेची कायम मान्यता २०१८ सालीं मिळाली. शहापूर-मुरबाडकडे फिरणाऱ्यानें पैसा आधीं येथें घालावा, रंगाचें नंतर. वजन किंचित् वाढतें खरें, पण चकतीमुळें रुंद टायरला जागा झाली, आणि डनलॉपनें दिलेलें तें हाडांचें सुख महागड्या सायकलीवरही परत आलें.