कापसाच्या गाठीपासून बॅटरीच्या पेटीपर्यंत : आगरोधक लेपांचा इतिहास आणि वऱ्हाड

विद्युत वाहनांच्या बॅटरीवरील आगरोधक लेप हा विषय वऱ्हाडाच्या इतिहासलेखनात यावा, याचे प्रथमदर्शनी नवल वाटेल. अमरावती-अकोला परिसराचा आर्थिक इतिहास म्हणजे बव्हंशी कापसाचा इतिहास. बॅटरीवर चालणारी दुचाकी ही तर कालपरवाची वस्तू. परंतु या लेपांच्या रसायनशास्त्राचा माग काढत गेल्यास आपण कापसाशीच, किंबहुना कापूस ज्याचा बनलेला असतो त्या सेल्युलोजशी येऊन पोहोचतो. हा संबंध स्पष्ट करणे आणि त्याआधारे लेपाकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी हे तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861-65) लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासली आणि 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. 1897 च्या कायद्याने वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांच्या नियमनाचा पाया घातला. सरकी वेगळी करणारे जीन आणि रुई दाबून गाठी बांधणारे प्रेस गावोगावी उभे राहिले. हा सर्व इतिहास परिचित आहे. त्या मानाने जिनातील आगीकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही.

कापसाबरोबर आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा रेच्याच्या पात्यावर आदळला की ठिणगी उडते. उघड्यावरील गंजी पेटली तर ती निदान दिसते. खरा धोका निराळाच असतो. ठिणगी रुईबरोबर प्रेसमध्ये शिरली, तर ती गाठीच्या पोटात धुमसत राहते. तंतूंमधील हवा तिला पुरते. बाहेर ज्वाला नसते, अनेकदा धूरही नसतो. काही दिवसांनी ही आग गोदामात अथवा रेल्वेच्या वाघिणीत प्रकट होते, आणि तेव्हा पाणी ओतले तरी ते घट्ट दाबलेल्या रुईच्या गाभ्यापर्यंत सहजी जात नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर हेच घडले. त्यावरील गाठी कराचीत चढविलेल्या होत्या, वऱ्हाडातल्या नव्हेत. परंतु कापसाचा स्वभाव सर्वत्र सारखाच. शेकडो टन पाणी मारूनही आग विझली नाही आणि त्याच जहाजावरील स्फोटकांनी गोदीचा व आसपासच्या वस्तीचा विध्वंस केला. जहाजाच्या पत्र्यावरील रंगाला फोड आले तेव्हा आतल्या आगीची जागा कळली, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रुईचे पुढे सूत कातावयाचे असल्याने तिला रसायनाचा लेप देता येत नाही. म्हणून जिनात उपाय योजले गेले ते अंतराचे : दोन गंज्यांमध्ये मोकळी जागा, विटांची भिंत, संशयित गाठ बाजूला काढून तिच्यावर पाळत. लेपाचा इतिहास घडला तो विणलेल्या कापडावर. 1735 मध्ये इंग्लंडमध्ये ओबाडाया वाइल्ड यांनी तुरटी, टाकणखार व हिराकसासारख्या क्षाराच्या मिश्रणाचे पेटंट घेतले. 1821 मध्ये गे-ल्युसाक यांनी फ्रान्सच्या राजाच्या सूचनेवरून नाट्यगृहांतील पडद्यांसाठी अमोनियम फॉस्फेट, नवसागर व टाकणखार यांचे प्रयोग केले. त्यातील तत्त्व साधे आहे. तापल्यावर फॉस्फेटपासून आम्ल सुटते. ते सेल्युलोजमधील पाणी काढून घेते, ज्वलनशील वायू कमी निर्माण होतात व मागे कोळसा उरतो. कोळसाच कापडाचे रक्षण करतो!

लाकडासाठी केलेल्या आणि 1938 मध्ये पेटंट मिळालेल्या मिश्रणात ट्राम व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोळसा फुगविला. आजच्या फुगणाऱ्या लेपांतही अमोनियम पॉलिफॉस्फेट आम्ल पुरविते, पेंटाएरिथ्रिटॉल कार्बन देते आणि मेलामाइनचे वायू त्या थराला भाकरीसारखे फुगवितात. हेच लेप आता बॅटरीच्या पेटीवर व झाकणाच्या आतील बाजूस दिले जातात.

येथे गाठीची आठवण अपरिहार्य ठरते. लिथियम-आयन बॅटरीतही आगीचा उगम बांधणीच्या आत असतो. एक सेल बिघडून तापतो, त्याची उष्णता शेजारच्या सेलला तापविते, आणि काही प्रकारच्या धनाग्रांतून ऑक्सिजनही सुटतो; म्हणजे बाहेरील हवा तोडूनही ही क्रिया थांबत नाही. लेप ती विझवू शकत नाही. तो वेळ मिळवून देतो, अधिक काही नाही. शिवाय उष्णता अडविणारा थर चुकीच्या जागी दिल्यास रोजच्या वापरातील उष्णताही कोंडून ठेवतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा हा आक्षेप केवळ तात्त्विक राहत नाही.

एप्रिल 2022 मध्ये नाशिक येथे कंटेनरमध्ये चढविलेल्या 40 पैकी 20 विद्युत दुचाकी जळाल्या. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर केंद्र शासनाने तज्ज्ञ समिती नेमली व एआयएस-156 या मानकात दुरुस्ती केली. ती 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाली. एका सेलमधील बिघाडाने संपूर्ण पेटीला आग लागू नये आणि चालकास आधी इशारा मिळावा, हा तिचा रोख आहे. सेलमधील अंतर, त्यांच्यामधील अडसर आणि पाळत ही जिनातील जुनीच त्रिसूत्री त्यात निराळ्या रूपात दिसते. लेप हा त्यांतील अडसराचा एक प्रकार होय.

मात्र दुरुस्तीपूर्वी विकली गेलेली वाहने त्या कसोटीला उतरलेली असतीलच असे नाही. त्यांच्या पेटीवर बाहेरून आगरोधक रंग मारून घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण दोन सेलमधील जागेत काहीही नसेल, तर त्या रंगाचे काम ‘फोर्ट स्टिकिन’च्या पत्र्यावरील रंगाइतकेच उरते.