स्त्रीपार्टी नटाची हनुवटी

लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजाशी क्षणभर डोळे मिटा. उघडाल तेव्हा 1794 चा उन्हाळा असेल. आत तख्तावर आंधळा शाह आलम, बाहेर पहारा शिंद्यांचा. महादजी फेब्रुवारीतच वानवडीला वारले. आता सगळं कोवळ्या दौलतरावांच्या नावाने चालतं. पण दिल्लीचं राजकारण राहू द्या. त्याच उन्हाळ्यातलं एदो, म्हणजे आजचं टोकियो, आपल्याला गाठायचंय.

त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकाचं काम चाललंय. तुम्ही कारागिराजवळ बसता. चेरीच्या लाकडाच्या फळीवर चित्राचा पातळ कागद पालथा चिकटवलाय. रेघेच्या दोन्ही बाजूंनी सुरी फिरते, रेघ तेवढी उंच उरते. मूळ चित्राचा त्यात बळी जातो. पुढे प्रत्येक रंगाची फळी वेगळी. छापणारा ओलसर कागद कोपऱ्यातल्या खाचेला भिडवतो आणि बांबूच्या पात्यात गुंडाळलेल्या चकतीने पाठीवरून घासतो. चित्रातल्या नटाच्या मागे अभ्रकाची पूड. कागद तिरका धरा, काळसर चमक सरकताना दिसेल.

नट आहे ओतानी ओनिजी, काबुकीतला लुटारू एदोबेई. ओठ घट्ट आवळलेले, बुबुळं नाकाकडे वळलेली, दोन्ही पंजे फाकून कपड्यातून बाहेर आलेले. पंजे अंगाच्या मानाने अगदीच चिमुकले, पण नजर तिथून हलत नाही.

पुढचा कागद सेगावा तोमिसाबुरोचा. हा स्त्रीपार्टी, 1629 पासून बायकांना रंगभूमी बंदच आहे. केशभूषा बाईची, वस्त्रं बाईची, नाक आणि हनुवटी मात्र सरळसरळ बाप्याची! तोशुसाई शाराकू या चित्रकाराने काहीही झाकलेलं नाही.

इथे मराठी माणसाला बालगंधर्व आठवणारच. त्यांच्या भामिनीच्या भूमिकेतल्या फोटोत खरा नारायण राजहंस शोधूनही सापडू नये, हीच तर आपली हौस. एदोच्या रसिकांचीही वेगळी नव्हती.

सुमारे दहा महिन्यांत शाराकूची 140 हून अधिक चित्रं निघाली. 1795 च्या सुरुवातीला ती थांबली. पुढे जुन्या जपानी टिपणात कारण नोंदलं गेलं: नटांना फार खरं काढायला गेला. आज जगभरची संग्रहालयं ही चित्रं मिरवतात, ते ठीक. पण बालगंधर्वांची अशी हनुवटी तुम्हीसुद्धा दिवाणखान्यात टांगली नसती.