दहिहांड्याचे मीठ आणि ३६ हा आकडा

१/
६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले. वऱ्हाडाला समुद्र नाही. तरीही त्याच महिन्याच्या १३ तारखेला अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे मिठाचा कायदा मोडला गेला. त्यासाठी लागणारे खारे पाणी विहिरींतले होते.

२/
अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन खोल गाळाची, पाण्याचा निचरा मंद आणि भूजलात क्षार साठलेले. पूर्वी येथील विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जाई.

३/
पाणी खारट असूनही विहिरीत मिठाचा खडा दिसत नाही, याचे कारण विद्राव्यता. साधारण तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. त्यानंतर द्रावण संपृक्त होते आणि जास्तीचे मीठ तळाशी राहते.

४/
आता हिशेब. समजा, १,००० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ आहे. म्हणजे जवळजवळ समुद्राइतका खारटपणा. एवढे मीठ विरघळलेले ठेवायला १०० ग्रॅम पाणी पुरते. म्हणून ९०० ग्रॅम पाण्याची वाफ होईपर्यंत कढईत एक कणही दिसणार नाही. खारटपणा निम्मा असेल, तर ९५० ग्रॅम पाणी आटवावे लागेल.

५/
द्रावण तापवून थंड केले तर? सोऱ्याच्या बाबतीत ही युक्ती चालते: १०० ग्रॅम उकळत्या पाण्यात तो सुमारे २४५ ग्रॅम विरघळतो, तर २० अंशांना जेमतेम ३२ ग्रॅम. मिठाचा आकडा मात्र ० अंशांना सुमारे ३६ आणि १०० अंशांना ३९ असतो. त्यामुळे पाणी आटवण्यावाचून गत्यंतर नाही.

६/
वरच्या उदाहरणातील पाण्यापासून १ किलो मीठ काढायचे, तर सुमारे २८ लिटर पाणी लागते. त्यातले २५ लिटर केवळ पहिला कण दिसण्यापूर्वी उडवायचे. चुलीची उष्णता अजिबात वाया गेली नाही असे धरले, तरी सुमारे ४ किलो कोरडे लाकूड जळते. प्रत्यक्षातील चुलीला त्याच्या कितीतरी पट लागते.

७/
१९३० मध्ये मिठावरील कर मणामागे १ रुपया ४ आणे होता. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. म्हणजे किलोमागे कर अर्ध्या आण्याहून किंचित अधिक. तेवढा वाचवण्यासाठी लाकडाची रास जाळणे कोणत्याही व्यापाऱ्याला परवडले नसते.

८/
सत्याग्रहाचा अर्थ येथेच उलगडतो. १८८२ च्या कायद्याने मिठावर सरकारची मक्तेदारी होती. परवानगीवाचून मूठभर मीठ करणे हाही गुन्हा होता. वामनराव जोशी, ब्रिजलाल बियाणी यांच्यासारख्या नेत्यांच्या वऱ्हाडाने आव्हान दिले ते या मक्तेदारीला. कढईतले मीठ किती निघाले, याला त्यापुढे महत्त्व नव्हते.

९/
खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याला हेच गणित आजही उलट्या बाजूने भोवते. विहिरीचे पाणी पिकाला दिले, तर उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार जमिनीत उरतात. दहिहांड्याच्या कढईत जे हवे होते, तेच शेतात नको असते. म्हणून पायाखाली पाणी असूनही येथील शेती दीर्घकाळ पावसाच्याच भरवशावर राहिली.