‘इनिम’ : एका प्रत्ययातून ऐकू येणारा भावाचा शोक

१/ इ.स. ७३१. आजच्या मंगोलियातील ओर्खोन नदीच्या खोऱ्यातील तुर्क राज्याचा पराक्रमी सेनानी क्युल तेगिन निवर्तला. पुढील वर्षी त्याच्या स्मरणार्थ शिलास्तंभ उभा राहिला. थोरला भाऊ बिल्गे खागान तेव्हा सत्तेवर होता.

२/ स्तंभाच्या एका बाजूवर चिनी लेख होता. उरलेल्या बाजूंवरील लिपी मात्र पुढे कोणासही वाचता येईना. १८८९ मध्ये यादरिन्त्सेव या रशियन संशोधकाने तो जगापुढे आणला. तोवर या तुर्कांचा इतिहास मुख्यतः परक्यांच्या, विशेषतः चिनी दरबाराच्या, लेखणीतूनच कळत असे.

३/ १५ डिसेंबर १८९३ रोजी डॅनिश भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म थॉमसेन यांनी लिपीची उकल जाहीर केली. चिनी मजकुरातून दिवंगताचे नाव ठाऊक होतेच. ‘तेन्ग्री’ (आकाश, देव), ‘क्युल तेगिन’ आणि ‘तुर्क’ या शब्दांनी कुलूप उघडले.

४/ पण एकाच व्यंजनासाठी दोन चिन्हे का? उत्तर प्रत्ययांत दिसते. तुर्की भाषांत प्रत्ययाचा स्वर मूळ शब्दाच्या स्वराशी जुळवून घेतो. सप्तमीचा प्रत्यय कुठे ‘-दा’, तर कुठे ‘-दे’. आणि दोन्हींतील ‘द’ वेगळ्या चिन्हाने लिहिला जाई. स्वर अनेकदा लिहीत नसत. व्यंजनच तो सुचवी.

५/ मराठीत ‘भाऊ’चे ‘भावाला’ होताना मूळ शब्द बदलतो, आणि ‘माझ्या’ हा शब्द वेगळा राहतो. तुर्कीत मूळ शब्द सहसा तसाच राहतो. त्याला आधी स्वामित्वाचा प्रत्यय लागतो, मग विभक्तीचा.

६/ म्हणूनच लेखातील ‘इनिम’ हा शब्द मोलाचा. ‘इनि’ म्हणजे धाकटा भाऊ. ‘-म’ म्हणजे ‘माझा’. अक्षरे योल्लुग तेगिनने लिहिली, पण ‘माझा’ म्हणणारा आहे बिल्गे खागान. हा प्रत्यय कळला नसता, तर वंशावळीतील एक नोंद उरली असती. तो कळला, म्हणून राजाचा शोक त्याच्याच भाषेत ऐकू आला.

७/ कझाख भाषेत धाकट्या भावाला आजही ‘इनि’ म्हणतात. ‘इनिम’ म्हणजे माझा धाकटा भाऊ, ‘इनिमे’ म्हणजे माझ्या धाकट्या भावाला. खागानांचे राज्य आठव्या शतकातच लयाला गेले. तो ‘-म’ मात्र सुमारे १३०० वर्षांनंतरही बोलला जातो.